चलन क्रमांक ४१३

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझ्या मामेभावाचं मशिनशॉप आहे. चार सीएनसी, एक व्हीएमसी (दोन्ही संगणकाच्या आज्ञेवर चालणारी यंत्रं), वडिलांच्या वेळची एक लेथ आणि अकरा माणसं. त्याच्या जुन्या चलन बुकात, म्हणजे मालासोबत द्यायच्या पावत्यांच्या वहीत, क्रमांक ४१२ वर तारीख आहे शनिवार, ३ ऑगस्ट २०१९. पुढचं चलन, ४१३, मंगळवार, १३ ऑगस्टचं. मधल्या नऊ दिवसांची बुकात काही खूण नाही. चलनांचे क्रमांक सलग असतात. दिवस गळले तरी पानं गळत नाहीत.

मी कॉमर्सच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवतो. दरवर्षी पहिल्या तासाला एकच प्रश्न विचारतो: कोल्हापूर कशावर चालतं? उत्तरं ठरलेली. ऊस, गूळ, दूध, चप्पल, अंबाबाई. मागच्या बाकावरून तालीम आणि मटण. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, "सर, उधारीवर." तिच्या वडिलांचं लक्ष्मीपुरीत किराण्याचं दुकान होतं. वर्ग हसला, मीही हसलो आणि पुढे गेलो. घरी आल्यावर वाटलं, बाकीच्या सगळ्यांनी वस्तूंची नावं सांगितली, हिने एकटीने व्यवहार सांगितला.

तिचं उत्तर तपासायला मला ते नऊ दिवस बरे वाटले. महापुरात शहराच्या वाटा बंद झाल्या तेव्हा आधी काय थांबलं, नंतर काय थांबलं, कोण किती दिवस तग धरू शकलं आणि भुर्दंड शेवटी कोणाच्या अंगावर पडला, एवढंच बघायचं ठरवलं. भावाची चलनं, त्याची वही, आणि आमची दोघांची आठवण, एवढंच साहित्य.

पाणी किती फूट?

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांना भेटला की विचारतो, "पाणी किती फूट?" ही फुटं राजाराम बंधाऱ्याजवळची. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, लक्ष्मीपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क इथे पाणी शिरलं. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही गावं तर जवळजवळ रिकामी करावी लागली.

पण भावाच्या शेडमध्ये थेंबभर पाणी आलं नव्हतं. शहराच्या बऱ्याच भागात आलं नव्हतं. तरी सगळं बंद होतं. म्हणून हे प्रकरण अभ्यासायला घेतलं. मशीन बुडालं म्हणून काम बंद पडलं असतं तर त्यात शिकण्यासारखं फार नव्हतं.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेकडून येऊन नदी शहराला उत्तरेने वळसा घालते. पुण्याला जाणारा महामार्ग तावडे हॉटेलवरून पुढे निघतो, पूल ओलांडतो आणि पलीकडे शिरोली. तिथे एमआयडीसी. दक्षिणेला गोकुळ शिरगाव आणि कागलकडच्या वसाहती. मधोमध, शहराच्या पोटात, उद्यमनगर. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुण्याची वाट बंद झाली. निपाणीच्या अलीकडे वेदगंगेचं पाणी रस्त्यावर आलं आणि बेळगावची वाट बंद झाली. रत्नागिरी आणि गगनबावड्याचे रस्तेही गेले, मिरजेकडची रेल्वे थांबली. पाच-साडेपाच लाखांचं शहर बेटासारखं झालं.

मूठभर बीड

भाऊ ट्रॅक्टरच्या इंजिनाला लागणारा एक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, भाग मशिनिंग करून देतो. आकार मुठीएवढा. चलनांवरून मी त्याचा प्रवास काढला.

लाकडाचा पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, उद्यमनगरातच, चार दुकानं पलीकडे झाला. कोअर, म्हणजे भागातली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, करणारा वेगळा. त्याच्या घराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत बायको आणि तो दोघंच असतात. ओतकाम शिरोलीच्या फाउंड्रीत. फेटलिंग, म्हणजे ओतलेल्या नगाच्या कडा साफ करणं, तिथेच, पण ठेकेदाराच्या माणसांकडून. मग छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत, भरून माल पूल ओलांडून भावाकडे. त्याच्याकडे दोन ऑपरेशनं. तिसरं ग्राइंडिंग, ते गोकुळ शिरगावला एकाकडे, कारण तसं मशीन भावाकडे नाही आणि वर्षभर त्याला पुरेल इतकं कामही नाही. तिथून परत शिरोली, तपासणी, तेल लावून पेटीत, आणि ट्रकने पुणे. म्हणजे हा मूठभर तुकडा गावाबाहेर पडण्याआधी पंचगंगा दोनदा ओलांडतो.

पुस्तकात वाचणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल. एका छपराखाली का करत नाहीत? करतात, मोठे करतात. पण छोट्याला पाच मशिनांचा हप्ता परवडत नाही, एका मशिनाचा परवडतो. चार जणांनी एकेक मशीन घेतलं आणि ते सगळे अर्ध्या तासाच्या अंतरावर असले की त्यांचा मिळून एक कारखाना होतो. त्याला मालक नाही, पाटी नाही, कॅन्टीन नाही. छोटा हत्ती हाच त्याचा कन्व्हेअर. दोन शेडमधला रस्ता जिथे उघडा राहतो तिथेच अशी गुंफण टिकते, आणि ३ ऑगस्टनंतर रस्ताच गेला. शिरोलीत ओतलेले नग शिरोलीत, भावाकडे अर्धे झालेले त्याच्याकडे, ग्राइंडिंगचे तिसरीकडे. तिघांकडे माल होता. विकता येईल असा एकही नग एकाकडेही नव्हता.

आता एक प्रश्न वर्गात कोणी विचारत नाही, पण विचारायला हवा. कोल्हापुरात लोखंडाची खाण नाही, कोळसा नाही, बंदर नाही. मग इथे शेकडो फाउंड्र्या आल्या कुठून?

उत्तर गुऱ्हाळात आहे. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली आणि गुळाची पेठ उभी राहिली. कोल्हापूरचा गूळ आता रेल्वेने लांब जाऊ लागला, म्हणून ऊस वाढला. ऊस वाढला म्हणून पाणी हवं. १९०७ च्या सुमारास भोगावतीवर राधानगरी धरणाची योजना निघाली, जिचं काम पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. नदीतून पाणी उचलायला इंजिन, चरक फिरवायला इंजिन. आणि गुऱ्हाळाचा एक स्वभाव आहे: हंगामात चरक मोडला की थांबता येत नाही. तोडलेला ऊस वाळतो, काहिलीखालचं जळण वाया जातं, गुळव्या आणि गडी बसून पगार खातात. सुटा भाग मुंबईहून यायची वाट कोण बघणार? इथल्याच मिस्त्रीने तो घासून, ओतून, जमवून दिला. दुसऱ्या महायुद्धात परदेशी सुटे भाग मिळेनात तेव्हा दुरुस्ती करणारे हात भाग बनवू लागले, आणि भाग बनवणारे पुढे अख्खं ऑइल इंजिन. खेड्यापाड्यांत वीज आली तसं ऑइल इंजिन मागे पडलं. तोवर वाळू, भट्टी आणि बीड ओळखणारी माणसं तयार होती. त्यांनी मोटारी आणि ट्रॅक्टरचे भाग ओतायला घेतले.

ह्याच गावात १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटर आणि त्यांच्या साथीदारांनी सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी बनवला होता. त्याचं कौतुक आपण कलेच्या खात्यात टाकतो. मला तो मिस्त्रीगिरीच्या खात्यात टाकावासा वाटतो.

दूध थांबत नाही

आता नदीच्या दुसऱ्या बाजूला जाऊ, जिथे उलटी अडचण होती.

बीड थांबू शकतं. दहा दिवस गोणपाटाखाली ठेवलं तर गंजेल, घासून घेता येईल. म्हैस थांबत नाही. रस्ता बंद आहे हे तिला सांगून उपयोग नाही. सकाळी आणि संध्याकाळी धार काढावीच लागते. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपलं गोकुळ, १९६३ पासून हे दूध गोळा करतं. गावातल्या संस्थेत माप, तिथून शीतकरण, तिथून गोकुळ शिरगाव, आणि मग टँकरने मोठा हिस्सा मुंबई-पुण्याला. त्या आठवड्यात संकलन बऱ्याच गावांत ठप्प झालं. पाहुण्यांकडे फोन केला तर ते म्हणाले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटलं, तूप कढवलं, उरलं ते गटारात. तिथून बारा किलोमीटरवर, माझ्या गल्लीत, पिशवीसाठी पहाटे साडेपाचला रांग. आणि मुंबईच्या दुकानांत गोकुळचं दूध नाही, म्हणून तिथेही ओरड.

एकाच वेळी, एकाच जिल्ह्यात, दूध जास्तही होतं आणि कमीही होतं. मुलांना भाव म्हणजे काय हे शिकवताना मी आता पुरवठा-मागणीचा आलेख काढण्याआधी हे सांगतो. वस्तू असणं पुरत नाही, ती दारापर्यंत पोहोचायला लागते. पोहोचवणारा हाच शहरातला मोठा उद्योग असतो आणि मोजायच्या वेळी नेमका तोच निसटतो.

दुधाची दुसरी गंमत त्याच्या पैशात आहे. गोकुळचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. महिन्याला तीन वेळा गावागावांत रोकड येते, घरटी थोडी थोडी. ऊसाचं तसं नाही. कारखाना दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, उन्हाळा लागेपर्यंत चालतो. तोडलेल्या ऊसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, १४ दिवसांत द्यावी असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात ती कधी येते ह्यावर दरवर्षी आंदोलनं होतात. आली की मात्र एकरकमी येते, जाड येते.

शहरातला दुकानदार ह्या दोन घड्याळांवर जगतो. किराणा, औषधं, मुलांच्या वह्या, एसटीचा पास, हे दुधाच्या बिलावर. गुजरीतलं सोनं, दुचाकी, घराचा स्लॅब, लग्न, हे ऊसाच्या बिलावर. लक्ष्मीपुरीतल्या दुकानाच्या वहीत शेजारी शेजारी लिहिलेलं असतं: "दूध बिल", "ऊस". ही उधारी परत करायची तारीख आहे, फक्त कॅलेंडरातली नव्हे. २०११ च्या जनगणनेत शहर साडेपाच लाखांचं आणि जिल्हा पावणेएकोणचाळीस लाखांचा. शहरापेक्षा सहापट माणसं आजूबाजूला, आणि त्यांची खरेदी इथे. म्हणून महाद्वार रोडची दुकानं साडेपाच लाख गिऱ्हाइकांच्या शहराला शोभतील त्यापेक्षा मोठी आहेत.

त्या वर्गातल्या मुलीला नेमकं हेच माहीत होतं. दुकानात बसून पाठ झालेलं.

बाहेरचा पैसा, आतला पैसा

शहरात येणारा पैसा दोन प्रकारचा. एक बाहेरून येतो: कास्टिंगचा पुण्याहून, दुधाचा मुंबईहून, साखर-गुळाचा देशभरातून, हुपरीच्या चांदीचा, इचलकरंजीच्या कापडाचा, अंबाबाईला येणाऱ्या भाविकांचा, आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या पोरापोरींनी आईबापांना पाठवलेला. हा शेवटचा कुठल्याच यादीत नसतो. माझ्या गल्लीत निम्म्या घरांचं वीजबिल पुण्यातून ऑनलाइन भरलं जातं.

दुसरा आत फिरतो. भावाकडचा ऑपरेटर पगारातून मिसळ खातो, मुलाच्या क्लासची फी भरतो, केस कापतो. क्लासवाला भाड्याच्या जागेचे पैसे देतो. जागामालक रंग काढतो. प्रत्येक हाताला तो पैसा उत्पन्न वाटतो आणि असतोही. बाहेरून आलेला एक रुपया इथे किती हात फिरतो आणि कधी बाहेर निसटतो, ह्यावर गावाची श्रीमंती ठरते. भावाच्या धंद्यात तो भराभर निसटतो. समजण्यापुरतं धरा, शंभर रुपयांचं तयार कास्टिंग. त्यातले कच्च्या बिडाचे आणि भंगाराचे बाहेर, विजेचे बाहेर, मशिनच्या हप्त्याचे बाहेर, कार्बाइड इन्सर्टचे, म्हणजे धातू कापणाऱ्या टोकांचे, तर देशाच्याही बाहेर. राहते ती मजुरी, भाडं, टेम्पो, आणि झालाच तर नफा. मिसळीच्या शंभर रुपयांतली मटकी आणि कांदा-लसूण चटणी मात्र आसपासची असते. म्हणून मिसळ मोठा उद्योग होत नाही, पण मिसळीचा पैसा गावात जास्त रेंगाळतो. दोन्ही लागतात, मुलांना फक्त पहिला दिसतो.

चप्पल ह्यात कुठे बसते? २०१९ मध्येच कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते एकट्या कोल्हापूरला नव्हे, महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार अशा आठ जिल्ह्यांना. भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनमध्ये विकली जाणारी जोडी अथणीकडे शिवलेली असू शकते. ती गावाची ओळख आहे आणि कारागिरांचं पोट आहे, पण शहर ज्यावर उभं आहे ती गोष्ट म्हणून तिचं नाव घेणं चूक. ओळखीचा आणि उत्पन्नाचा हिशेब आपण फार एकत्र करतो.

सोमवार ते सोमवार

भाजी, पेट्रोल, पाणी ह्यांचं थोडक्यात. पंपांवर इंधन आधी अत्यावश्यक वाहनांना. नळाला पाणी नाही, कारण नदीकाठची पंपिंग स्टेशनं नदीच्याच पाण्यात; चहूकडे पूर आणि आम्ही टँकरच्या मागे घागर घेऊन. भाजी कपिलतीर्थ मंडईत होती तेव्हा भाव विचारायची हिंमत नव्हती. दोन-तीन दिवसांचं सामान, त्याच्यावर शहर उभं असतं. कोठारं भरून ठेवण्याचे दिवस गेले. आता कोठार रस्त्यावर, ट्रकच्या चाकांवर असतं.

ह्या दिवसांत मला जे बघायचं होतं ते पगाराच्या तारखेला दिसलं. भावाकडे पगार १० तारखेला होतो. १० ऑगस्ट, शनिवार, पुराच्या ऐन मध्यात.

त्याची येणी होती. जूनचं बिल, मेचं उरलेलं. फाउंड्री त्याला साठ ते नव्वद दिवसांनी देते, कारण फाउंड्रीला पुण्याची कंपनी तसंच देते. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचं देणं ४५ दिवसांच्या आत द्यावं असा २००६ चा कायदा आहे. तो हक्क मागायला जाणारा पुढचं चलन गमावतो, म्हणून कोणी जात नाही. मी एकदा भावाला कायदा समजावून सांगायला गेलो तर तो म्हणाला, "व्हय, कायदा हाय. आन गिऱ्हाईक बी हाय. दोन्ही एकदम ठेवता येत न्हाईत." मी गप्प बसलो.

त्या शनिवारी त्याने काय केलं? रोज दुकानावर येणाऱ्या पिग्मी एजंटकडे तो दोनशे रुपये भरतो. पतसंस्थेतल्या त्या पिग्मीवर कर्ज काढलं. भिशीचा नंबर ज्याचा होता त्याला फोन करून आधी स्वतः उचलली. प्रत्येकाच्या हातावर अर्धा पगार ठेवला आणि उरलेला राखीपौर्णिमेनंतर देतो म्हणाला. अकरापैकी तिघांची घरं पाण्यात होती, त्यांना पुरा दिला. जीएसटीच्या विवरणपत्राची काळजी होती. पूरग्रस्त जिल्ह्यांना मुदत वाढवून मिळाली म्हणून निभावलं.

ओळ लावून बघितली की चित्र स्वच्छ दिसतं. पुण्याची कंपनी महिने थांबू शकते. शिरोलीची फाउंड्री काही आठवडे. भाऊ दहा तारखेपर्यंत. त्याचा ऑपरेटर आठवडाभर. फाउंड्रीत नगावर मजुरी घेणारा, उत्तर प्रदेश-बिहार-ओडिशातून आलेला मोल्डर, दोन दिवस. जो जितका कमी थांबू शकतो त्याच्याकडे तितकी जास्त वाट बघायला लावलेली असते. पैसे खालून वर उशिरा पोहोचत नाहीत, वरून खाली उशिरा पोहोचतात. मोठ्याला मोठा करणारं भांडवल हे बरंचसं छोट्यांच्या थांबण्यातून आलेलं असतं, फक्त त्याला व्याज नसतं.

दुसरी गोष्ट कळली ती मला जास्त लागली. वाट सुरू झाल्यावर भावाने घाबरत पुण्याला फोन लावला: नऊ दिवस माल नाही, लाइन थांबली असेल, दंड लावतील. तिकडून सांगितलं, "काही हरकत नाही, सावकाश पाठवा." ते वर्ष वाहन उद्योगाच्या मंदीचं होतं, गाड्या खपत नव्हत्या, गोदामात भाग पडून होते, आणि तोच भाग देणारा दुसराही कोणी होता. भावाला सुटल्यासारखं वाटलं. मला नाही वाटलं. मुंबईला आमच्या दुधावाचून एका सकाळीच अडलं होतं. आमच्या बिडावाचून नऊ दिवसांत पुण्याचं काही अडलं नाही.

एखाद्या गावाची किंमत काढायची माझी पद्धत तेव्हापासून बदलली. किती माल जातो हे विचारण्याआधी विचारतो, हा माल गेला नाही तर कोणाचं, किती तासांत अडेल? दूधवाल्यांनी ते अडणं एकत्र येऊन, संघ करून, बाजारभावात उतरवलं. उद्यमनगरातल्यांनी नाही उतरवलं. त्यांच्यात एकमेकांना माल देण्याइतका विश्वास आहे, पण गिऱ्हाइकापुढे एकत्र उभं राहण्याइतका नाही. हे माझं मत. भाऊ ते मान्य करत नाही. त्याच्या मते म्हैस सगळ्यांची सारखी असते, कास्टिंग प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून संघ होत नाही. त्याचंही चूक आहे असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

महापालिकेचं एक वाक्य. कोल्हापूर महापालिका १९७२ मध्ये झाली आणि अर्धशतक उलटलं तरी हद्द तिथेच. शिरोली आणि गोकुळ शिरगाव हद्दीबाहेर. म्हणजे ज्या वसाहतींवर शहर पोसलं जातं त्यांचा घरफाळा शहराच्या तिजोरीत येत नाही, आणि त्या वसाहतींतल्या कामगारांचा कचरा, पाणी, रस्ता शहराला बघावा लागतो. जकात गेल्यावर तर महापालिकेचा हात राज्याच्या अनुदानापुढे पसरलेला. हद्दीतच वाढायचं म्हटल्यावर बांधकामं पूररेषेकडे सरकली. गावं म्हणतात आम्हाला शहरात घेऊ नका, कर वाढतील. त्यांचंही गैर नाही. ह्यावर वेगळं प्रकरण लिहावं लागेल.

४१३

पाणी उतरायला लागलं तसा पहिला धंदा वाढला तो मोटर रिवाइंडिंगचा. जिल्ह्यातल्या नदीकाठच्या विहिरींवरच्या, जॅकवेलमधल्या मोटरी चिखलात होत्या. उद्यमनगरात पहाटे चारपासून ट्रॉल्या लागल्या. वाइंडरकडे तांब्याची तार संपली, पाट्या ठेवायला जागा नव्हती, फुटपाथवर मोटरी नंबर टाकून मांडलेल्या. उत्पन्नाच्या आकड्यात ही सगळी भर पडली असणार. गमावलेलं परत आणायला झालेला खर्च हिशेबात कमाई म्हणून लागतो, हे मी इतकी वर्षं खडूने फळ्यावर लिहीत होतो. फुटपाथवर पहिल्यांदा बघितलं.

भावाचं पहिलं काम त्यातलंच. चलन ४१३ वर लिहिलंय: मोटर शाफ्ट, १ नग, घासून बुश बसवणे. पाठवणारा शेजारचा वाइंडर, मोटर प्रयाग चिखलीच्या एका शेतकऱ्याची. ट्रॅक्टरचे भाग अजून तिन्ही शेडमध्ये अडकलेले होते. त्या दिवशी त्याच्या जुन्या लेथला, वडिलांच्या वेळच्या, काम लागलं. सीएनसीवर असला एकेक नग परवडत नाही.

दराच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही. मी विचारलं, पैसे आले का?

"ऊस गेल्यावर देतो म्हणालाय."

"आणि ऊस?"

"त्यो पाण्यातच हुता की आठ दिवस."